पन्नासचा ताल: सूर्य, वारा, पाणी आणि बॅटरी एकाच वीजजाळ्यात कसे नांदतील?

५ एप्रिल २०२० चा रविवार आठवतोय का? भारतात टाळेबंदी लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या, असं आवाहन झालं होतं. त्या वेळी लंडनमध्ये दुपारचे साडेचार वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा आणि दुबईत संध्याकाळचे साडेसात. तुमच्याही घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा एक निरोप फिरला असेल: "फक्त दिवे बंद करा. फ्रिज, पंखे, एसी चालू ठेवा. नाहीतर सगळ्या देशाची वीज जाईल!"

बऱ्याच जणांनी तो निरोप हसण्यावारी नेला. दिवे बंद केले तर वीज वाचेल, ती जाईल कशी?

पण ती भीती खरी होती. वीजजाळं सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी हिशेब केला होता, की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. एवढी वीज काही मिनिटांत नकोशी झाली आणि नऊ मिनिटांनी पुन्हा हवीशी झाली. तरीही जाळं कोसळलं नाही. याचं मोठं श्रेय जलविद्युत केंद्रांना जातं. नऊच्या आधी त्यांची निर्मिती मुद्दाम वाढवून ठेवली होती आणि कोळशाची केंद्रं कमीत कमी पातळीवर आणली होती. दिवे मालवायला लागल्यावर पाण्याची दारं मिटत नेली आणि सुमारे १७,५०० मेगावॉट निर्मिती अर्ध्या तासाच्या आत उतरवली. दिवे परत लागल्यावर दारं पुन्हा उघडली.

थोडक्यात, सांगितल्याबरोबर ऐकणारा एक स्रोत हाताशी होता, म्हणून निभावलं. आता पुढचा प्रश्न बघा. उद्याच्या जाळ्यात मोठा वाटा सूर्याचा आणि वाऱ्याचा असणार आहे, आणि हे दोघं आपलं ऐकत नाहीत. मग असं जाळं ताब्यात ठेवायचं कसं? आजचा लेख याच प्रश्नाबद्दल आहे.

तराजूचा काटा

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवूया. तारांमध्ये वीज साठत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात मिक्सर चालू करता, तेव्हा त्याला लागणारी वीज त्याच क्षणी कुठेतरी तयार होत असते. निर्मिती आणि वापर प्रत्येक क्षणी सारखेच असावे लागतात.

मग ते सारखे आहेत की नाही, हे कळतं कसं? त्यासाठी एक सुंदर काटा निसर्गानेच दिलाय: वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्या घरातला विद्युतप्रवाह सेकंदाला ठरावीक वेळा मागे-पुढे होतो. भारत, ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि संयुक्त अरब अमिरातीत ५० वेळा, तर अमेरिका, कॅनडा आणि सौदी अरेबियात ६० वेळा. हा आकडा वीजकेंद्रातल्या फिरणाऱ्या प्रचंड जनित्रांच्या वेगातून येतो. एका जाळ्यातली अशी सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात.

सायकलवर डबलसीट बसून चढ चढताना काय होतं ते आठवा. ओझं वाढलं आणि पायातला जोर तेवढाच राहिला, तर पायडल मंदावतं. उतार लागला की ते आपोआप भरभर फिरायला लागतं. जाळ्याचंही तसंच आहे. वापर वाढला की जनित्रं किंचित मंदावतात आणि ५० चा आकडा ४९.९ कडे जातो. वापर घटला की तो ५०.१ कडे सरकतो. त्या नऊ मिनिटांच्या रात्री भारताचा काटा ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्यामध्ये राहिला. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी श्वास रोखून बघितलेला आकडा हाच.

काटा फार ढळला, तर जनित्रांना इजा होऊ नये म्हणून ती आपणहून जाळ्यातून सुटतात. एक सुटलं की उरलेल्यांवर ताण येतो, मग दुसरं सुटतं, तिसरं सुटतं. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं जाळं कोसळतं. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतात सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली, ती अशाच साखळीने. तिथे सुरुवात वाहिन्यांवरच्या अतिभारापासून झाली होती, पण पुढचा घसरणीचा खेळ हाच.

पहिले काही सेकंद: जडत्वाची शिल्लक

समजा, एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं. दुसऱ्या केंद्राला "वाढव" म्हटलं तरी वाफेचे किंवा पाण्याचे झडप उघडून ताकद वाढायला काही सेकंद जातात. मग मधल्या काळात तूट कोण भरून काढतं?

ती भरून काढतो फिरणाऱ्या लोखंडाचा वेग. टर्बाइन आणि जनित्राचे रोटर शेकडो टनांचे असतात. त्यांच्या फिरण्यात साठलेली गतिज ऊर्जा पहिल्या क्षणी आपोआप जाळ्याला मिळते. कोणी बटण दाबावं लागत नाही. यालाच जाळ्याचं जडत्व म्हणतात.

एक छोटं गणित करून बघूया. एका जाळ्यात १०,००० मेगावॉटची फिरती जनित्रं आहेत आणि त्यांच्यात ५०,००० मेगावॉट-सेकंद एवढी गतिज ऊर्जा साठलेली आहे असं धरा. ५०० मेगावॉटचं एक केंद्र सुटलं. काटा किती वेगाने घसरेल?

घसरणीचा वेग = वारंवारता × तूट ÷ (२ × साठलेली गतिज ऊर्जा)
= ५० × ५०० ÷ (२ × ५०,०००) = सेकंदाला ०.२५ हर्ट्झ

म्हणजे कोणीच काही केलं नाही, तर चार सेकंदांत काटा ४९ वर येईल. आता यातली निम्मी जनित्रं काढून त्यांच्या जागी सौर पॅनेल लावा. पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. गतिज ऊर्जा निम्मी झाली, घसरणीचा वेग दुप्पट झाला आणि हाताशी चारऐवजी दोनच सेकंद उरले. दोन्ही जाळ्यांत मेगावॉट तेवढेच आहेत, पण सावरायला मिळणारा वेळ अर्धा झालाय. सौरऊर्जेच्या बाजूने किंवा विरोधात बोलताना हा मुद्दा बहुतेक वेळा सुटून जातो.

९ ऑगस्ट २०१९ चा शुक्रवार लंडनजवळ राहणाऱ्यांना आठवत असेल. संध्याकाळी पाचच्या सुमारास एका वाहिनीवर वीज पडली. असं पुष्कळदा होतं आणि जाळं ते पचवतंही. पण त्या दिवशी समुद्रातल्या मोठ्या पवनकेंद्राचं आणि एका वायूकेंद्राचं उत्पादन पाठोपाठ गेलं. शिवाय गावोगावची कित्येक छोटी सौर आणि इतर केंद्रंही स्वतःच्या संरक्षक सेटिंगमुळे सुटली. राखीव होती सुमारे १,००० मेगावॉट आणि तूट त्यापेक्षा बरीच मोठी झाली. काटा ४८.८ हर्ट्झवर आला आणि उरलेलं जाळं वाचवण्यासाठी सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. ती पाऊण तासाच्या आत परत आली, पण लोकांचे हाल त्याहून जास्त वेळ झाले. वारंवारता ४९ च्या खाली गेल्यावर काही नव्या रेल्वेगाड्या बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या तंत्रज्ञ येईपर्यंत परत सुरू करता येईनात. शुक्रवारची संध्याकाळ, आणि हजारो माणसं स्टेशनांवर आणि डब्यांत अडकलेली!

मृदंग आणि टाळकरी

सौर पॅनेल आणि बॅटरी यांच्यातून एकदिश प्रवाह येतो. त्याचा प्रत्यावर्ती प्रवाह करून जाळ्याला देणारं उपकरण म्हणजे इन्व्हर्टर. आजचे बहुतेक इन्व्हर्टर अनुयायी असतात. जाळ्याची लय आधी ऐकायची आणि मग तिच्यात आपला प्रवाह मिसळायचा, एवढंच त्यांना येतं.

दिंडीतल्या भजनासारखंच आहे हे. मृदंग लय धरतो आणि पन्नास टाळकरी त्या लयीत टाळ वाजवतात. टाळकरी वाढले तरी चालतं, मात्र मृदंग ऐकू यायला हवा. मृदंग थांबला आणि उरलेले सगळे एकमेकांकडे बघून वाजवायला लागले, की भजन कुठल्या कुठे जातं.

तुमच्या घराच्या छपरावर पॅनेल असतील, तर याचा अनुभव तुम्ही घेतला असेल. भर दुपारी, लख्ख उन्हात रस्त्यावरची वीज जाते आणि त्याबरोबर छपरावरचं उत्पादनही थांबतं. "एवढे पैसे घालून हे काय?" असं वाटतं. त्यामागे दोन कारणं आहेत. तार दुरुस्त करणाऱ्या वायरमनला तुमच्या पॅनेलमधून धक्का बसू नये, हे पहिलं. आणि साध्या इन्व्हर्टरला स्वतःची लय धरता येत नाही, हे दुसरं. बॅटरी आणि त्यासाठी बनवलेला इन्व्हर्टर बसवला, आणि घर बाहेरच्या जाळ्यापासून वेगळं करणारा स्विच घातला, तरच घर स्वतंत्रपणे चालतं.

आता लय धरणारे मोठे इन्व्हर्टरही आलेत. ते स्वतःच विद्युतदाबाची लाट तयार करतात आणि बाकीचे त्यांच्यामागे चालतात. म्हणजे काही टाळकऱ्यांना मृदंग शिकवण्यासारखंच. पुढच्या काळात नव्या मोठ्या बॅटऱ्यांकडून हे काम करून घेणं हा कळीचा मुद्दा ठरणार आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने घेतलेला धडा

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते बघायचं तर दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राज्य बघावं. ॲडलेडमध्ये राहणाऱ्या वाचकांना पुढची गोष्ट तोंडपाठ असेल.

२८ सप्टेंबर २०१६ ला तिथे जबरदस्त वादळ झालं. चक्रीवाताने पारेषणाचे मनोरे आडवे केले आणि दोन मिनिटांच्या आत विद्युतदाब सहा वेळा खाली-वर झाला. पवनचक्क्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मर्यादा घातलेली होती: असे झटके ठरावीक संख्येच्या वर बसले, तर माघार घ्यायची. नऊ पवनकेंद्रांचं मिळून ४५६ मेगावॉट उत्पादन काही सेकंदांत कमी झालं. तूट भरायला शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर एवढा भार आला, की ती सुटली. राज्य एकटं पडलं. अंगात जडत्व कमी, त्यामुळे काटा इतक्या वेगाने घसरला की ग्राहक तोडून जाळं वाचवायलाही वेळ मिळाला नाही. साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले.

त्यानंतर राजकारण्यांमध्ये भांडण पेटलं. एक बाजू म्हणाली पवनचक्क्यांमुळे झालं, दुसरी म्हणाली वादळामुळे झालं. चौकशीतून निघालेलं उत्तर जास्त उपयोगाचं होतं: ती माघारीची मर्यादा जाळं सांभाळणाऱ्यांना माहीतच नव्हती. वारा वाहतच होता आणि पातीही धडधाकट होती. चूक होती ती सॉफ्टवेअरमधल्या एका आकड्यात, आणि तो आकडा बदलता येण्याजोगा होता. तो बदलला गेलाही.

पुढे डिसेंबर २०१७ मध्ये त्याच राज्यात हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी लिथियम बॅटरी होती. २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे: इंधनाशिवाय, जाळ्याच्याच विजेवर गरगर फिरत राहणारं मोठं यंत्र, सोबत जड चाक. ते युनिटं तयार करत नाही, जडत्व पुरवतं. कोळशाचं शेवटचं केंद्र २०१६ मध्येच बंद झालेलं हे राज्य आज आपली बहुतांश वीज वारा आणि सूर्य यांच्यापासून मिळवतं.

काटा बरोबर, तरी अंधार

वारंवारतेबरोबर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे विद्युतदाब. वारंवारता सगळ्या जाळ्यात एकच असते. दाब मात्र नळाच्या पाण्यासारखा जागोजागी वेगळा असतो. लांबलचक वाहिनीवर भार कमी असला, की तिच्यातला दाब आपोआप चढतो. तो उतरवणारं कोणीतरी जवळपासच असावं लागतं.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. ऊन भरपूर होतं, वीजही भरपूर होती. घात केला तो चढलेल्या दाबाने. दाब वाढला म्हणून काही केंद्रं सुटली, ती सुटल्यामुळे दाब आणखी वाढला आणि साखळी सुरू झाली. ज्या पारंपरिक केंद्रांनी दाब आवरायचा, त्यांच्याकडून पुरेसा आवरला गेला नाही. आणि सौर केंद्रांना तेव्हाच्या नियमांनुसार दाबाला प्रतिसाद द्यायचं कामच दिलेलं नव्हतं, त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये ती क्षमता असूनही. नंतर नियम बदलून ते काम त्यांच्यासाठी खुलं केलं गेलं.

ऑस्ट्रेलिया आणि स्पेन, दोन्हीकडे निघालेला निष्कर्ष एकच आहे. नवे स्रोत जाळ्यात पाहुणे म्हणून राहत होते. पाहुणे चार जण असतात, तोवर ठीक असतं. घरात निम्म्याहून जास्त मंडळी पाहुणेच झाली, की त्यांनाही पाणी भरावं लागतं.

संध्याकाळचे चार तास

सेकंदांचा प्रश्न सुटला तरी तासांचा उरतोच. सूर्य मावळतो त्याच सुमारास लोक घरी येतात, दिवे लावतात, स्वयंपाक करतात. सौरऊर्जा उतरणीला आणि मागणी चढणीला. कॅलिफोर्नियात या आलेखाचं नाव 'बदकाची रेषा' असं पडलंय: दुपारी खोल पोट आणि संध्याकाळी उंच मान.

इथे साठवणीचे दोन आकडे वेगळे ओळखायला शिका, कारण बातम्यांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. मेगावॉट म्हणजे नळाची जाडी आणि मेगावॉट-तास म्हणजे टाकीचं आकारमान. हॉर्न्सडेलच्या बॅटरीचा नळ सुरुवातीला १०० मेगावॉटचा होता आणि टाकी १२९ मेगावॉट-तासांची. पूर्ण जोराने चालवली तर ती सव्वा तासाच्या आसपास पुरते. काटा सावरायला ही टाकी पुष्कळ झाली, पण रात्र काढायला ती तोकडी पडते.

रात्रीच्या कामासाठी सगळ्यात जुनी आणि भरवशाची टाकी म्हणजे डोंगरावरचं पाणी. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. वर चढवायला शंभर युनिटं लागली, तर परत साधारण पंच्याहत्तर मिळतात. वेल्समधलं डिनॉर्विग केंद्र १९८४ पासून हेच करतंय. १,७२८ मेगावॉटचं हे केंद्र डोंगराच्या पोटात आहे, आणि यंत्रं आधीपासून फिरती ठेवलेली असली तर बारा सेकंदांत १,३२० मेगावॉट देऊ शकतं. महाराष्ट्रात घाटघरला याच पद्धतीचं २५० मेगावॉटचं केंद्र आहे: एक जलाशय घाटमाथ्यावर, दुसरा खाली कोकणात. सह्याद्रीचा उभा कडा इथे टाकीच्या उंचीचं काम करतो. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्पही मुख्यतः जास्त मागणीच्या वेळी वीज देण्यासाठीच वापरला जातो.

आणि बॅटऱ्याही आता मोठ्या होतायत. कॅलिफोर्नियाच्या जाळ्यात त्यांची क्षमता २०२४ मध्ये १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षी एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, थोडा वेळ का होईना, राज्यात सगळ्यात जास्त वीज पुरवणारा स्रोत बॅटऱ्या हाच होता. दुपारचं ऊन रात्री आठला वापरलं गेलं.

मागणीलाही कान असतात

आतापर्यंत आपण निर्मितीला नाचवलं. तराजूला दुसरंही पारडं आहे. मागणी पुढे-मागे करता आली, तर काम फार स्वस्तात होतं.

मागणी किती एकदिलाने हलते, याचं गमतीदार उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. ४ जुलै १९९० ला फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांची उपांत्य लढत झाली. पेनल्टी संपल्या आणि अख्खा देश चहाचं आधण ठेवायला उठला. मागणी एकदम २,८०० मेगावॉटने चढली! इंग्लंड हरला होता, निदान चहा तरी मिळाला.

आता उलट उदाहरण. ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्निया उन्हाने होरपळत होता आणि मागणीने उच्चांक गाठला होता. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास लोकांच्या फोनवर सरकारी इशारा वाजला: वीज जपून वापरा. थोड्याच वेळात मागणी सुमारे २,००० मेगावॉटने उतरली आणि ठरवून वीज तोडायची वेळ टळली. बे एरियातल्या वाचकांनी तो फोन ऐकलाच असेल.

महाराष्ट्रात या विषयाला फार जिव्हाळ्याची बाजू आहे. वर्षानुवर्षं शेतीपंपांना आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळत आली. रात्रीची पाळी आली, की कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन शेतात जायचं. साप, विंचू, काही भागांत बिबट्या, आणि अंधारात ओल्या हातांनी स्टार्टर दाबायचा. तुमच्या गावी शेती असेल, तर घरातल्या कोणी ना कोणी हे भोगलंय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा हाच, की शेतीची वाहिनी सौर प्रकल्पाला जोडायची आणि पंप दिवसा चालवायचे. तांत्रिक भाषेत याला मागणी सूर्यामागे नेणं म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की रात्रीची झोप मिळते. पिकाला पाणी दुपारी दिलं काय नि रात्री दिलं काय, जमिनीला ते साठवता येतं. इथे शेत हीच बॅटरी.

दिवस आणि आठवडे: शेजार हवा

शेवटी उरतो सगळ्यात अवघड काळ. ढगाळ, वारा पडलेले सलग काही दिवस, किंवा पावसाळ्यातला आठवडा. इथे चार तासांची बॅटरी हात टेकते. उपाय तीन: लांबचा शेजार, मोठे जलाशय आणि क्वचित वापरायचं राखीव इंधन.

शेजार नसला तर काय होतं, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने भोगलं. त्या राज्याचं जाळं बाकीच्या अमेरिकेपासून जवळजवळ तुटक आहे. हिमलाटेत वायूच्या विहिरी आणि नळ्या गोठल्या, वायूकेंद्रं गोठली, पवनचक्क्याही गोठल्या. सगळ्यात मोठी तूट वायूची होती. १५ तारखेच्या पहाटे काटा ६० वरून ५९.३ च्या आसपास आला आणि ५९.४ च्या खाली चार मिनिटं तेवीस सेकंद राहिला. तो नऊ मिनिटं तसाच राहिला असता, तर जनित्रं सुटत गेली असती आणि जाळं शून्यापासून उभं करावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी लाखो घरांची वीज दिवसेंदिवस तोडली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे त्या हिमलाटेत २४६ माणसं गेली. काट्यावरचा ०.७ हा फरक किती जीवघेणा असू शकतो, ते यातून कळतं.

याउलट, नॉर्वे आणि ब्रिटन यांच्यात समुद्राखालून ७२० किलोमीटरची केबल २०२१ मध्ये सुरू झाली. क्षमता १,४०० मेगावॉट. ब्रिटनमध्ये वारा जोरात असला की वीज नॉर्वेला जाते आणि तिथलं पाणी धरणातच राहतं. वारा पडला की तेच पाणी ब्रिटनचे दिवे लावतं. भारतात ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाच्या जाळ्याला एका तालात जोडलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत काटा एकच आहे. एका भागात ढग दाटले, तर दुसऱ्या भागातलं ऊन कामी येऊ शकतं. अर्थात मधली वाहिनी तेवढी जाड असली तरच! म्हणूनच पॅनेल लावणं सोपं आणि वाहिनी टाकणं अवघड, ही आजची खरी अडचण आहे.

घरी काय करता येईल?

आतापर्यंतचा धडा वेळेच्या पट्टीवर मांडूया:

सेकंद: फिरती यंत्रं, सिंक्रोनस कंडेन्सर, लय धरणारे इन्व्हर्टर.
मिनिटं: बॅटरी, जलविद्युत, वायूकेंद्रं.
तास: मोठ्या बॅटऱ्या, डोंगरावरचं पाणी, मागणी पुढे-मागे करणं.
दिवस आणि आठवडे: दूरच्या वाहिन्या, मोठे जलाशय, राखीव इंधन.

कोणताही एक स्रोत या चारही ओळींत बसत नाही. म्हणून "सौर की कोळसा?" या वादात पडण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या जाळ्यात प्रत्येक ओळीची जबाबदारी कोणावर सोपवली आहे? एखादी ओळ रिकामी असेल, तर जाळं तिथेच मोडणार.

या यादीत तुमचं घरही येतं. तुमच्याकडे विजेवर चालणारी मोटार असेल, तर तिच्या बॅटरीत साधारण ६० युनिटं मावतात. ब्रिटनमधल्या सर्वसाधारण घराचा तो आठवडाभराचा वापर झाला, अमेरिकेतल्या घराचा दोन दिवसांचा. संध्याकाळी सहाला घरी आल्याबरोबर ती चार्जिंगला लावण्याऐवजी रात्री उशिरा किंवा दुपारी लावा. बहुतेक गाड्यांमध्ये वेळ लावून ठेवायची सोय असते. वीज कंपनीचा वेळेनुसार दर असेल, तर पैसेही वाचतात. पॅनेल बसवत असाल, तर इन्व्हर्टर जाळ्याच्या झटक्यात टिकून राहणारा आहे का, आणि दाब सांभाळायला मदत करतो का, हे बसवणाऱ्याला विचारा. भारतातल्या आईवडिलांच्या घरासाठी पॅनेल घेत असाल, तर वीज गेल्यावर ते चालणार की नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्या. नाहीतर पहिल्याच भारनियमनाला फोन येईल!

२०२० च्या त्या रविवारी १३० कोटींच्या देशाचा ताल काही नियंत्रण कक्ष आणि काही धरणं यांनी मिळून धरला होता. बाकी सगळे फक्त बटणं दाबत होते. पुढच्या वीस वर्षांत हे काम लाखो इन्व्हर्टर, बॅटऱ्या, पंप आणि मोटारी यांच्यात वाटलं जाणार आहे. त्यातलं एखादं यंत्र कदाचित तुमच्याच गॅरेजमध्ये असेल. त्याला टाळ तेवढा येतो की मृदंगही, हे आताच विचारून ठेवलेलं बरं.